जुन्या पात्राचा नकाशा

नववीच्या पोरांना स्थलदर्शक नकाशा शिकवताना मी पहिल्याच दिवशी सांगते, की नकाशा खोटं बोलत नाही, वाचणारा बोलतो. पोरं हे वाक्य वहीत उतरवून घेतात, खाली रेघ मारतात आणि विसरून जातात. न्हावऱ्याच्या हायस्कुलात भूगोल कोणालाच नको होता, म्हणून तो माझ्याकडे आला आणि वीसेक वर्षं माझ्याकडेच राहिला. लाल रेघ रस्त्याची, निळी पाण्याची, तपकिरी उंचीची. सूची नसलेला नकाशा कोणी काढला तर मी गुण कापते, मग तो सरपंचांचा पोरगा असो नाहीतर मुख्याध्यापकांचा भाचा. स्टाफरूममध्ये माझ्यामागे मला सूचीबाई म्हणतात. म्हणोत बापडे.

मी इशरत मुलाणी. गाव तरगाव, तालुका शिरूर, भीमेच्या अगदी काठावर. समोरचा काठ दौंड तालुक्यात. घरात अम्मी, माझा धाकटा भाऊ सोहेब, त्याची बायको मेहक आणि मी. सोहेब दुधाचा टेम्पो चालवतो. माझं लग्न झालं होतं, टिकलं नाही; त्याबद्दल गावानं पुरेसं बोलून घेतलंय, मी आणखी भर घालत नाही.

गेल्या दिवाळीनंतर अम्मीच्या पायावर सूज आली. शिरूरच्या डॉक्टरांनी सोहेबला बाजूला घेऊन सांगितलं, की हृदयाचं पंपिंग फार कमी झालंय, सांभाळा. बाजूला घेऊन सांगितलेलं आजाऱ्याला सगळ्यात आधी कळतं. टेम्पोत बसल्या बसल्या अम्मी म्हणाली, "मला तुमच्या अब्बाच्या बाजूला ठिवा. त्या मुरमाडात टाकू नगा. एवढंच हाय माझं मागणं."

सोहेबनं गिअर टाकला. अब्बा नदीपलीकडे होते.

इथं थोडा भूगोल ऐकावा लागेल, त्याला इलाज नाही. पूर्वी आमच्या गावाशी आल्यावर भीमेनं दौंडच्या अंगाला मोठं पोट काढलेलं होतं. त्या पोटाच्या आत, म्हणजे आमच्याच काठाला, मुलाण्यांचं कब्रस्तान होतं आणि चार थोरल्या चिंचा होत्या. गावातून पायी जायचं, मयत खांद्यावर न्यायची. अब्बा गेले तेव्हा मी आठवीत होते. पाशाभाई मुलाणी म्हणजे गावजेवणाला बकरं कापायला सगळ्यात आधी बोलावलेला आणि सगळ्यात शेवटी जेवलेला माणूस. त्यांना तिथं, दुसऱ्या चिंचेच्या पायथ्याशी ठेवलं. त्यानंतर दोन वर्षांनी तो मोठा पूर आला. नदीला वळसा घालायचा कंटाळा आला असावा. तिनं पोटाच्या तोंडाशी जमीन कापली आणि सरळ निघून गेली. पाणी ओसरलं तेव्हा चिंचा नव्हत्या, आणि कब्रस्तान पलीकडच्या काठाला जाऊन बसलं होतं. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. आमची तर नदीच फिरली.

जुनं वळण गाळानं भरलं. पलीकडच्या पोपटराव आप्पांच्या वडिलांनी त्यावर नांगर धरला, पुढे सपाटीकरण झालं, ऊस उभा राहिला. आम्हाला पंचायतीनं गायरानात तुकडा दिला. तिथं हातभर खाली कोरडा, दगडासारखा मुरूम. एक कबर खणायची तर पहारी बोथट होतात आणि तरणी पोरं धापा टाकतात. अम्मी त्या जागेला कधी कब्रस्तान म्हणालीच नाही, मुरमाडच म्हणाली. शब-ए-बरातला, कबरींवर फुलं वाहायच्या रात्री, सगळे गायरानात जात, आणि ही सब्जाची जुडी घेऊन नदीच्या काठावर बसे, पलीकडच्या उसाकडे तोंड करून फातिहा म्हणे. तेव्हा मला त्याची लाज वाटायची, कारण काठावर धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून बघायच्या.

तर मी पोपटराव आप्पांकडे गेले. पुलावरून फिरून जावं लागतं. नदी समोर दिसते आणि माणूस अर्ध्या तालुक्याला वळसा घालतो. आप्पा गोठ्यापुढे खाटेवर बसले होते. चहा झाला, म्हशींची चौकशी झाली. मग मी विषय काढला.

आप्पांनी हनुवटी चोळली. "बाई, तुमच्या वडलाला मी वळखत हुतो. पर माझ्या सातबाऱ्यावर कब्रस्तान न्हाई. न् तुमचं गाव नदीच्या त्या अंगाला. मेलेल्या माणसाला नदी वलांडून कोन आनतंय पुरायला?"

"तेव्हा नदीच पलीकडे होती, आप्पा."

"असंल. नदीचं मूळ आन् ऋषीचं कूळ इचारू नये म्हंत्यात." मग त्यांनी पायाखालचं चिपाड उचलून मोडलं. "माझी पोरं माझ्या ऐकन्यात न्हाईत आता. मी हो म्हनीन आन् उद्या ती म्हन्तील, म्हाताऱ्याला भुलवलं. तुम्ही कागद आना. सरकारी, जुना. त्याच्यात कबरी दिसल्या तर दोन गुंठं मी सोता सोडीन. माझा शबूद हाय."

परत येताना मला आप्पांचा राग आला नाही. उलट बरं वाटलं. कागद आणा म्हणणं मला समजतं. आयुष्यभर मी तरी दुसरं काय म्हणत आलेय?

ज्ञानेश माझा जुना विद्यार्थी, निमोण्याचा. पुण्यात कॉम्प्युटरवर नकाशांचं काम करतो. त्याला फोन केला, आणि आठवडाभरात त्यानं एक फाइल धाडली. इंग्रजांच्या काळात मोजणी केलेला स्थलदर्शक नकाशा, एका इंचाला एक मैल. कुठल्याशा परदेशी ग्रंथालयानं त्याची प्रत काढून ठेवली होती. आमच्या बापजाद्यांची हाडं कुठं आहेत हे साता समुद्रापलीकडच्या कपाटात सुखरूप होतं, आणि आमच्याकडे त्याचा मागमूस नव्हता.

मी तो मोबाइलवर मोठा करून पाहिला. न्हावरे होतं, निमोणे होतं, नावांची चिरफाड करून का होईना, पण होतं. तरगावच्या खाली होडीच्या तरीची खूण होती. आणि नदीनं काढलेलं ते पोट! अम्मीच्या तोंडून ऐकलेलं, माझ्या डोळ्यांत धूसर झालेलं ते वळण एका अनोळखी माणसानं सुबक, काळ्या रेघेत धरून ठेवलं होतं. वळणाच्या आत झाडाच्या खुणा, आणि झाडांपाशी कबरींची खूण. नखाएवढी. मी स्टाफरूममध्ये बसून रडले. शेजारी बसून पेपर तपासणाऱ्या सारिका मॅडम म्हणाल्या, काय झालं, तर मी म्हटलं, सूची सापडली.

अम्मीला दाखवलं. तिला अक्षर येत नाही, नकाशा तर लांबच. तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं आणि चित्र सरकलं, तशी घाबरून मागे घेतलं. "ह्यात तुझं अब्बा कुठं हाय?"

"अब्बा नाहीत गं. हा त्यांच्या जन्माआधीचा आहे. त्यांचे आजे-पणजे आहेत."

"मग त्यांची जागा तर धरून ठिवली आसंल त्यांनी," अम्मी म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

आता पुढचं मी केलं ते असं. आमच्या भागात कुठलीही गोष्ट खरी व्हायची तर ती फ्लेक्सवर यावी लागते. वाढदिवस फ्लेक्सवर, निवड फ्लेक्सवर, श्रद्धांजली फ्लेक्सवर. मोबाइलातला नकाशा दोन्ही काठांच्या म्हाताऱ्यांना दाखवून काय उपयोग? मी ज्ञानेशकडून आमच्या नदीचा तेवढा भाग कापून घेतला, त्यावर आजची नदी तुटक रेघेनं दाखवून घेतली, आणि चौफुल्याच्या दुकानातून पुरुषभर उंचीचा फ्लेक्स छापून आणला. मूळ प्रत काळीपांढरी होती, जुनी नदी कोणाच्या नजरेत भरेना. म्हणून मी ती गडद निळी रंगवून घेतली. आजच्या शेतांचे बांध टाकले, गट नंबर टाकले. खाली व्यवस्थित सूची दिली. सूचीशिवाय नकाशा मी कोणाचा चालवून घेत नाही, मग स्वतःचा कसा घेईन?

शाळेच्या कुंपणाला तो बांधला आणि दोन दिवसांत जत्रा झाली. पोरं त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढत होती, स्टेटसला ठेवत होती. पलीकडचे लोक मोटारसायकली काढून बघायला आले. ज्यानं त्यानं आपापलं शेत शोधलं. कोणाचं शेत जुन्या नदीत निघालं की बाकीचे त्याला चिडवत, "आयला, तू तर बुडाला की रं!" मी काठी घेऊन उभी राहायचे आणि समजावून सांगायचे. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. माझ्या आयुष्यात माझा तास ऐकायला माणसं आपणहून कधी आली नव्हती.

आप्पाही आले, धोतराचा सोगा हातात धरून. तरीची खूण मी दाखवली तेव्हा ते म्हणाले, "माझा आजा हितनं बाजाराला जायाचा." मग त्यांचं बोट निळ्या वळणाच्या आत गेलं, कबरींपाशी थांबलं. आप्पांचा थोरला मुलगा माऊली मागे उभा होता. त्याच्याकडे न बघता आप्पा म्हणाले, "दोन गुंठं तुमचं, बाई. सगळ्यांदेखत सांगतो. माझ्या घरातलं कोन आडवं आलं तर माझ्याशी गाठ हाय."

ऊस तुटल्यावर आम्ही अम्मीला घेऊन गेलो. सोहेबनं टेम्पोत गादी टाकली. ज्ञानेशनं पुण्याहून फोनवर जागेचं लोकेशन पाठवलं होतं; तिथं मोकळ्या रानात फक्त पाचट आणि ढेकळं होती. आप्पांनी स्वतः चार कोपऱ्यांना दगड रोवले. मी म्हटलं, "अम्मी, दुसरी चिंच साधारण इथं असेल." साधारण. भूगोलाच्या बाईला हा शब्द आवडत नाही, पण तेव्हा चालला. अम्मी खाली बसली, ढेकळावर तळवा ठेवून. मग तिनं तिथं सब्जा लावला, आणि आप्पांच्या सुनेला सांगितलं, "माय, तेवढं पानी घालत जा." सून म्हणाली, "घालीन की, मावशी."

घरी आल्यावर अम्मी पोटभर जेवली. मेहक मला म्हणाली, आपा, अम्मीचा रंग बघा कसा उजळलाय.

फ्लेक्स अजून कुंपणाला होता. एकदा दुपारी शाळा सुटताना एक माणूस त्याच्यापुढे उभा दिसला. पांढरा स्वच्छ शर्ट, डोक्यावर चढवलेला गॉगल. मला बघून त्यानं वाकून नमस्कार केला.

"बाई, लई भारी काम केलंय तुम्ही. हे निळं म्हंजी जुनी नदी का?"

"जुनं पात्र," मी दुरुस्त केलं.

"आन् ह्या गट नंबरातनंच गेलीय म्हंता?"

"नकाशा खोटं बोलत नाही."

तो हसला. "मग वर गाळ बसला आसंल, पर खाली काय आसंल हो?"

प्रश्न चांगला होता. नववीतल्या एकानंही मला कधी विचारला नव्हता. मी त्याला काठीनं दाखवलं, की वळणाच्या बाहेरच्या बाजूला नदी काठ खाते आणि आतल्या बाजूला आणलेलं टाकते. वरती पुराचा गाळ, त्याखाली वाळू, वर्षानुवर्षांची, थरावर थर.

"म्हंजी आतल्या अंगाला जास्ती?"

"आतल्या. परीक्षेत आलं तर दोन गुण आहेत."

त्यानं मोबाइल काढून फोटो घेतले, एक लांबून, एक सूचीचा. जाताना नकाशाला हात जोडले, देवळातून निघाल्यासारखे. मला वाटलं, असतात अशीही माणसं, शिकायची राहून गेलेली.

पुढच्या आठवड्यात फ्लेक्स कुंपणावरून नाहीसा झाला. आमच्याकडे फ्लेक्स नाहीसा होणं म्हणजे नवल नाही. लोक साठवलेल्या कांद्याच्या ऐरणीवर टाकतात, गोठ्याला आडोसा करतात. मीही हळहळले नाही. त्याचं काम झालं होतं.

मग बोर्डाचे पेपर आले, माझी सुपरव्हिजन लागली, आणि अम्मीचं दवाखान्यात जाणंयेणं वाढलं. पोपटराव आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ते विश्रांतीला कासुर्डीला लेकीकडे गेले. पलीकडच्या काठावरून दिवसभर यंत्रांचा आवाज यायचा. मी विचारलं तर कोणी म्हणे शेततळं चाललंय, कोणी म्हणे सपाटीकरण. अम्मी खाटेवरून विचारी, "आपल्या जागंला धक्का तर न्हाई ना?" मी म्हणे, "आप्पांचा शब्द आहे, अम्मी."

सोहेबला दुधाच्या फेरीत कळलं. तो घरात आला तो चपला न काढता. "आपा, चल," एवढंच म्हणाला. टेम्पोत त्यानं मला विचारलं, "तो गॉगलवाला वाळूचा धंदेवाला निघाला. तू त्याला सांगितलंस का आतल्या बाजूला वाळू आसती म्हनून?"

मी म्हटलं, "त्यानं विचारलं, मी सांगितलं. वर्गात उत्तर येत असून गप्प बसणाऱ्या पोरांचा मला संताप येतो, मी कशी गप्प बसू?" माझा आवाज चढला होता. सोहेबनं टेम्पोचा वेग वाढवला; त्यानं मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मला जास्त बरं वाटलं असतं.

आप्पांच्या रानात रान नव्हतं. विहिरीपेक्षा खोल, आणि लांबच लांब खड्डा, आणि तो सरळ नव्हता. वळत वळत गेला होता. मी काठावर उभी राहिले आणि मला तो आकार ओळखू आला, कारण मीच तो निळ्या रंगात काढून घेतला होता. तसूभर चूक नव्हती. खड्ड्याच्या कडेला कामगारांची झोपडी होती. तिच्यावर छप्पर म्हणून माझा फ्लेक्स ताणून बसवला होता, सूचीसकट.

मध्ये आमचे दोन गुंठे उभे होते. खरंच सोडले होते. चारी बाजूंनी सगळं खणून नेलं होतं आणि चार दगडांमधला तेवढा तुकडा जात्याच्या खुंट्यासारखा खड्ड्यात उभा होता, वर अम्मीचा सब्जा वाळलेला. माऊली आला. माझ्या नजरेला नजर न देता म्हणाला, "मॅडम, तुमच्या जागंला हात लावला न्हाई. आप्पांचा शबूद हाय. बाकीची माती आमची हाय."

"तिथं जायचं कसं?"

"त्याचं बघू की."

मग मी तुकड्याची कापलेली बाजू पाहिली. पुस्तकात असतो तसा छेद होता: वर काळी माती, मग गाळ, मग वाळू. आणि गाळाच्या खाली, ठरावीक अंतरावर, एकाच दिशेनं गेलेले लांबट काळपट डाग. एक, पुढं आणखी एक. काही डाग अर्धेच होते. त्यांचा पुढचा अर्धा भाग खड्ड्यात गेला होता. दोन गुंठे मोजताना मी "साधारण" म्हटलं होतं. कब्रस्तान दोन गुंठ्यांपेक्षा मोठं होतं. एवढं साधं गणित मला सुचलं नाही, कारण मागायला गेलेलं माणूस देणाऱ्यानं सांगितलेला आकडा उराशी धरून बसतं.

सोहेब खाली उतरायला निघाला, मी त्याचा दंड धरला. वाळू पायाखालून सुळसुळत होती. तिथं आता अब्बा त्या उभ्या तुकड्यात होते, की ट्रकमध्ये भरून गेले होते, हे सांगू शकेल असा नकाशा जगात नाही. वाळू पुण्याकडे जाते. कुठल्यातरी टॉवरच्या कुठल्यातरी स्लॅबमध्ये माझे वडील असतील, आणि त्यावर फरशी बसवून लोक टीव्ही बघत असतील. मी तिथंच ओरडून रडले. यंत्रवाल्यानं यंत्र बंद केलं. बिहारकडचा तरणा पोरगा होता, खाली उतरून टोपी काढून उभा राहिला. त्याला काय झालं ते कळलं नव्हतं, पण कोणीतरी गेलंय एवढं कळलं असावं.

तक्रार केली. पथक आलं, पंचनामा झाला, यंत्रं पलीकडच्या काठावरून गेली. पण खणलेलं कोणी परत आणत नाही. आप्पा कासुर्डीहून आले ते डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन. खड्ड्याच्या काठाशी बसले, आणि मला म्हणाले, "पोरी, माझा शबूद खरा ठरला आन् मीच खोटा पडलो." मी त्यांना हाताला धरून उठवलं.

एप्रिलच्या शेवटी धरणातून पाणी सुटलं. नदी भरून वाहिली, मधला बांध फुटला आणि पाणी खड्ड्यात शिरलं. लोक म्हणाले, बघा, नदी परत जुन्या वाटेनं गेली. अगदी मॅडमच्या नकाशासारखी. उभा तुकडा दुसऱ्या दिवशी ओला होऊन एका अंगानं बसला, आणि मग राहिलाच नाही. चार दगडांपैकी एकही दिसला नाही.

अम्मीला आम्ही काही सांगितलं नाही. ती विचारायची, "सब्ज्याला पानी घालती का गं आप्पाची सून?"

"घालते, अम्मी."

"भरपूर?"

"भरपूर पाणी आहे तिथं आता," मी म्हणाले. मेहक उठून आत गेली.

आयुष्यभर नकाशा खोटं बोलत नाही म्हणणारी मी, रोज सकाळ-संध्याकाळ आईशी खोटं बोलत होते. शेवटच्या दिवसांत तिला श्वास पुरत नव्हता, तरी ती शांत होती. आपण कुठं जाणार हे ठाऊक असलेल्या माणसासारखी शांत. मला ते बघवत नव्हतं. एकदा वाटलं, सांगून टाकावं. निदान माझ्यावर चिडून तरी जाईल. धीर झाला नाही.

ती मे महिन्यात गेली, सकाळी, चहा मागून. चहा येईपर्यंत थांबली नाही.

पलीकडे न्यायला जागाच नव्हती. शेवटी न्यायचं ते गायरानातच, मुरमाडात. पुरुष मंडळी पहारी-कुदळी घेऊन गेली. उन्हाळ्यानं मुरूम असा तापून आवळला होता की कुदळ उसळून परत येई, ठिणग्या उडत. दुपार कलली तरी गुडघाभरसुद्धा खणून झालं नाही. मयत ताटकळत ठेवू नये म्हणतात. कोणीतरी म्हणालं, जेसीबी बोलवा. गावातला जेसीबी लग्नाच्या मांडवाला, नवरदेवावर फुलं उधळायला गेलेला. जवळ होता तो एकच, अलीकडच्या काठाला कोणाच्यातरी शेततळ्यावर आलेला. तोच. तोच बिहारकडचा पोरगा तो घेऊन आला. आमच्यात बाया मातीला जात नाहीत, म्हणून मी घरात होते. नुसता आवाज ऐकला. तो आवाज मला चांगला ओळखीचा होता.

संध्याकाळी सोहेब परत आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला नाही. त्याच्या बाह्या मुरमानं लाल झाल्या होत्या.

"आपा," तो म्हणाला, "बकेटच्या दातात वाळू अडकली हुती. त्या खड्ड्यातली, वाळून घट्ट बसलेली. तो गडी ती झाडून बाजूला टाकत हुता. म्या म्हनलं, टाकू नगं."

मी विचारलं, "मग?"

"म्या काढून घेतली. अम्मीच्या बाजूला ठिवली."

"किती होती?"

सोहेबनं उजवा हात उघडून माझ्यापुढे धरला. हातात काहीच नव्हतं.

"मूठभर," तो म्हणाला. "मूठसुदा भरली न्हाई."